कुणाच्या डोक्यावर पाय देऊ?

आमचे जावई इंग्लंडमध्ये स्विंडनला असतात. माणूस गुणी, व्यसन एकच. वाटेत जुनं चर्च दिसलं की गाडी आपोआप कडेला लागते. "बाबा, पाच मिनिटं डोकावू." दगडाच्या वास्तूत पाच मिनिटांत बाहेर आलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

परवा शनिवारी बर्फर्ड झालं. चर्चचं दार उघडणं ही स्वतंत्र विद्या आहे. जाड ओकच्या फळ्या, त्यावर लोखंडी कडं. मी ओढलं, ढकललं, डावीकडे फिरवलं. "बंद आहे हो!" असं आनंदाने ओरडलो, तोच हातात फुलं घेतलेल्या एक आजी आल्या. कडं उजवीकडे फिरवून त्यांनी गुडघ्याने दाराला एक ढुशी दिली, झालं!

आत शिरताना सवयीने बूट काढले. मे महिना, पण फरशी अशी की मोजे असूनही टाळूपर्यंत कळ गेली. बूट परत घालायला वाकलो तेव्हा कळलं, मी ज्या फरशीवर उभा होतो तिच्याखाली एक सद्गृहस्थ निजलेले होते. नाव, साल, सगळं कोरलेलं.

आता आपल्याकडे पुस्तकाला पाय लागला तरी आपण नमस्कार करतो. मी वाकून केला आणि दचकून एक पाऊल मागे सरलो. तिथे त्यांची पत्नी. तिला नमस्कार करून बाजूला झालो, तर थोरला मुलगा. अख्खं घराणं तुडवून झालं. पूर्वी ऐपतदारांना आत पुरायचे, गरिबांना बाहेरच्या गवतात. त्यातही वेदीजवळची जागा मानाची, म्हणजे लग्नातल्या पहिल्या रांगेतल्या सोफ्यासारखी. मी पुढचा अर्धा तास लंगडी घालत फिरलो. ही लांबून हातवारे करत होती, "अहो, लोक बघतायत!"

१६४९ साली, राजाविरुद्ध लढलेल्या संसदेच्या फौजेचा सेनानी क्रॉमवेल याने आपलेच सुमारे ३४० बंडखोर सैनिक या चर्चमध्ये कोंडले होते. तिघांना बाहेरच्या आवारात गोळ्या घातल्या. त्या कैद्यांपैकी अँथनी सेडली नावाच्या एकाने बाप्तिस्म्याच्या कुंडाच्या शिशावर आपलं नाव, साल आणि 'कैदी' असा शब्द कोरला, तोही अशुद्ध. सिंहगडावर कुणी बदाम काढून नाव कोरलं की मी तावातावाने भांडतो. इथे मात्र चष्मा पुसून, श्वास रोखून वाचलं. भिंतीवर नाव लिहावं तर मरणाच्या भीतीने लिहावं, बदामात लिहू नये, इतकाच फरक मला सुचला.

दुपारी फेअरफर्ड. लोकरीच्या पैशावर उभं राहिलेलं चर्च. पाचशे वर्षांपूर्वीच्या रंगीत काचांच्या २८ खिडक्या, आणि त्या वर बघूनच पाहायच्या. म्हणजे डोळे वर, पाय खाली कुणाच्या छातीवर, कळायला मार्ग नाही. पश्चिमेच्या खिडकीत पाप्यांना नरकात लोटणारी भुतं होती. त्यांचा पुढचा नंबर कुणाचा, ते मला ठाऊक होतं.

स्वच्छतागृहाची चौकशी केली, तर मध्ययुगात ही सोय नव्हती असं जावयांनी अभिमानाने सांगितलं.

घाईघाईने बाहेर पडलो आणि कशाला तरी ठेचकाळलो. चर्चच्या टिडल्स नावाच्या मांजराचं स्मारक, १९६३ ते १९८०! वर दगडाचं मांजर. जन्मभर मांजरंच मला आडवी गेली होती. मी मांजराला आडवा गेलो, ही पहिलीच वेळ.

वाकून नमस्कार केला.