एका दिवसात एकच गाव

बडोदेकर मंडळी, आज जरा लांबलचक लिहितेय. बरेच दिवस मनात घोळतंय, आणि सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

आपल्याकडे रविवारची सहल म्हटली की आधी भाड्याची गाडी ठरते. मग "जातोच आहोत तर वाटेत हेही करू" सुरू होतं. दिवाळीनंतर आम्हीही तेच केलं. सातजण, एक गाडी, आणि एका दिवसात डभोई, चांदोद, गरुडेश्वर, शिवाय सरदार पटेलांचा पुतळा. चारही ठिकाणचे फोटो आहेत. ड्रायव्हरला रात्री दुसरं भाडं होतं, त्यामुळे डभोईच्या जुन्या दरवाज्यापाशी, हिरा भागोळीपाशी, त्याने इंजिनसुद्धा बंद केलं नाही. माझी आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गुडघे दुखरे. ती म्हणाली, "तुम्ही जाऊन या गं, मी बसते इथेच." दहा-बारा मिनिटांत आम्ही परतलो. ज्या दरवाज्याच्या गोष्टी सांगत तिने आम्हाला लहानपणी जेवू घातलं, तो दरवाजा तिने गाडीच्या काचेतून पाहिला. मला ते फार लागलं.

म्हणून जानेवारीत तिला घेऊन पुन्हा गेले. फक्त डभोई. बडोद्याच्या प्रतापनगर स्टेशनहून मेमूने, म्हणजे विजेवरच्या लोकल गाडीने.

बडोदं ही गायकवाडांच्या संस्थानाची राजधानी होती. १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं, राजधानीपण गेलं, पण राजधानीसाठी टाकलेल्या वाटा जागच्या जागी आहेत. खंडेराव महाराजांच्या काळात, १८६२ मध्ये, डभोई ते मियागाम अशी सुमारे ३२ किलोमीटरची अडीच फुटी, म्हणजे अरुंद रुळांची, लाईन पडली. भारतातली पहिली नॅरोगेज ती. डबे ओढायला बैल! पुढच्याच वर्षी इंजिनं आणून पाहिली, पण ते रूळ इंजिनाचं वजन पेलेनात. नियमितपणे इंजिन धावायला १८७३ उजाडलं. पुढे हीच डभोई जगातल्या मोठ्या नॅरोगेज जंक्शनांत गणली जाऊ लागली. आत्याच्या लहानपणी त्या गाडीला सगळे 'बापुगाडी' म्हणायचे. आता प्रतापनगर-डभोई ब्रॉडगेज झालीय, गाडी विजेवर धावते. अंतर तीसेक किलोमीटर. तिकीट खिडकीवर काढायचं आणि चढायचं, रिझर्व्हेशनची भानगड नाही.

समोरच्या बाकावर एक बेन तुवेरच्या शेंगांचं गाठोडं घेऊन बसल्या होत्या. पाचव्या मिनिटाला आत्याच्या मांडीवर त्यातल्या मूठभर शेंगा होत्या आणि दोघी सोलत होत्या. भिलापूर जवळ आलं तशी आत्याने हातातली शेंग खाली ठेवली. आपल्या बडोद्याच्या गुजरातीत तिने त्या बेनना सांगायला घेतलं की याच टापूत १ एप्रिल १७३१ ला थोरल्या बाजीरावांची आणि सेनापती त्रिंबकराव दाभाड्यांची लढाई झाली. मराठे मराठ्यांशीच लढले. सेनापती पडले. पिलाजीराव गायकवाड दाभाड्यांच्या बाजूने होते, त्यांचा मुलगा त्या लढाईत गेला. डब्यातले चार-पाच लोक कान देऊन ऐकत होते. भाड्याच्या गाडीत आम्ही याच टापूतून गेलो होतो, पण तेव्हा गाणी लावली होती आणि आत्या मागच्या सीटवर होती.

डभोईला स्टेशनवरून रिक्षा केली. हिरा भागोळीच्या सावलीत चादर अंथरून आम्ही तीन तास बसलो. तीन तास! दगड जवळून बघायला तेवढा वेळ लागतोच. तळाशी हत्तींची रांग आहे. एकाची सोंड झिजून नुसता गोळा उरलाय, तर शेजारच्याच्या कानावरची नक्षीसुद्धा शाबूत. वर नर्तकी, योद्धे, देव. बाजूला कालिकामातेचं देऊळ. तेराव्या शतकातलं हे काम वाघेला राजा विसलदेवाच्या काळातलं मानतात. हिराधर कारागिराची दंतकथा आत्याने तिथेच बसून पुन्हा सांगितली. त्याने दरवाज्याच्या दगडांतले काही चोरून तेन नावाच्या आपल्या प्रेयसीसाठी तळं बांधलं आणि राजाने त्याला इथेच जिवंत गाडलं. माझी पंधरा वर्षांची लेक तिसऱ्यांदा ऐकत होती आणि पहिल्यांदा प्रश्न विचारत होती. "मग चोरी कळली कशी?" डब्यातल्या दशम्या आणि लसणाची चटणी तिथेच संपली.

"एकाच गावात दिवसभर करायचं काय?" असं मला चारजणांनी विचारलंय. माझं स्पष्ट मत आहे, ज्या गावात बसायला वेळ नाही तिथे जाऊच नये. रेल्वेने गेलात की परतीची वेळ आधीच ठरलेली असते. मधल्या वेळात पळायला दुसरं गावच नसतं, मग माणूस आपोआप बघायला लागतो. घरातलं म्हातारं माणूस मागच्या सीटवर गप्प बसून राहत नाही, तेच आपल्याला वाट दाखवतं.

अडचणी आहेतच. गाड्या मोजक्या आहेत. परतीची चुकली तर पुढचीची बराच वेळ वाट बघावी लागते, म्हणून वेळा आदल्या दिवशी बघून ठेवा. एका स्टेशनवर आम्हाला बसायला सावलीत एक बाक मिळेना, आत्या पिशवीवर बसली. दादरा चढताना तिचे हाल झाले. रेल्वेने म्हाताऱ्यांसाठी एवढं तरी करायलाच हवं, आणि आपण सगळ्यांनी ते मागायला हवं. गाड्या भरलेल्या दिसल्या तरच वाढतील.

आणि जायला कितीतरी गावं आहेत. याच लाईनवर पुढे चांदोद, जिथे नर्मदेला ओरसंग मिळते. पितरांची कामं करायला आपण तिथे घाईघाईने जातो आणि घाट न बघता परततो. त्यापुढे एकतानगर. जानेवारी २०२१ पासून थेट तिथवर रेल्वे जाते. सगळे पुतळ्याकडे वळतात, वळोत बापडे. पण जवळच गरुडेश्वर आहे, दत्तभक्त संन्यासी टेंब्ये स्वामींची समाधी. सिंधुदुर्गातल्या माणगावचा हा माणूस भारतभर पायी हिंडला आणि १९१४ मध्ये इथेच नर्मदेकाठी समाधिस्थ झाला. तिथे तासभर शांत बसायचं असेल तर त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका.

उलट्या बाजूला, आणंदहून गोध्र्याच्या लाईनवर, डाकोर. रणछोडरायांचं आजचं देऊळ १७७२ मध्ये गोपाळ जगन्नाथ तांबवेकर या मराठी माणसाने बांधलं, हे आपल्यातल्या किती मुलांना माहीत आहे? पिलाजीराव गायकवाडांचा दगाफटक्याने खून झाला तोही डाकोरलाच, १७३२ मध्ये. भिलापूरच्या लढाईत मुलगा गेल्याला जेमतेम वर्ष झालं होतं.

पुढच्या रविवारी आम्ही तिकडेच निघालोय. आत्या, मी, लेक, आणि लेकीच्या दोन मैत्रिणी. आणखी कुणाला यायचं असेल तर शनिवार संध्याकाळपर्यंत कळवा, म्हणजे डबा त्या हिशेबाने होईल. आत्या विचारतेय, दशम्या न्यायच्या की तिथले गोटे (भजी) खायचे. मी म्हटलं, दोन्ही.