‘हग’ संस्कृतातून आला नाही, आबा

आखाजीला घरी पोहोचलो तोच आबांनी मोबाईल पुढे धरला. महिनाभरात चौथ्यांदा आलेला तोच फॉरवर्ड: इंग्रजीतला ‘हग’ हा मुळात संस्कृत ‘हृद्‌ग’, म्हणजे हृदयाकडे जाणारा. इंग्रजांनी तो इथून नेला, मूळ अर्थ हृदयाला हृदय लावणे, आणि आपण मात्र मिठी मारायचं विसरलो. ताटात पुरणपोळी होती, म्हणून तिथे वाद घातला नाही.

आधी तारखा बघा. हग हे क्रियापद इंग्रजी लिखाणात १५६० च्या दशकात दिसतं. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली १६०० साली. ‘क्रिस्तपुराण’ लिहिणारा इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्ससुद्धा गोव्यात उतरला तो १५७९ ला. मग शब्द नेला कोणी?

राहिला उच्चार. नुसत्या आवाजावरून मूळ ठरवायचं तर आपल्याकडे त्याहून जवळचं क्रियापद आहे, आणि ते सकाळी डबा घेऊन शेताकडे जाताना वापरतात. ते चालेल का? संस्कृत-इंग्रजीचं नातं खरंच आहे, पण ते दुसरीकडे: हृद् आणि हार्ट एका मुळाचे मानले जातात, आपला बाहू आणि झाडाच्या फांदीचा इंग्रजी ‘बाउ’ हेही भाऊबंद.

हगचं मूळ अजून पक्कं नाही. जुन्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या, भाषेतला ‘हुग्गा’, म्हणजे धीर देणे, हा उमेदवार पुढे केला जातो. मलाही तो आवडतो. पण नॉर्स लोक इंग्लंडात वसले नवव्या-दहाव्या शतकात आणि शब्द कागदावर आला सोळाव्यात. म्हणून कोशकार ‘कदाचित’ लिहून थांबतात. फॉरवर्डवाल्यांना हा शब्द माहीतच नसावा.

‘हृदयाला हृदय’चं तर विचारूच नका. नाम म्हणून हग सतराव्या शतकाच्या सुरुवातीला भेटतो तो कुस्तीतली पकड म्हणून. इंग्लंडातल्या कॉर्नवॉलच्या मल्लांची ‘कॉर्निश हग’ प्रसिद्धच होती. आपल्या यात्रेतल्या दंगलीत पैलवान समोरच्याला कवेत आवळतो, तसलीच. प्रेमाचा अर्थ या नामाला नंतर चिकटला.

आणि आपण विसरलो म्हणे! जुन्या मराठीत मिठीला ‘क्षेम देणे’ म्हणत. आमच्या अहिराणीत गळ्याचा ‘गया’ होतो. त्याच दुपारी सुरतेहून ताई आली, रिक्षाचे पैसे द्यायचे राहिले, पिशवी दारातच पडली, आणि ती मायच्या गयामा पडनी. आबा मोबाईल खिशात घालून रिक्षावाल्याकडे सुटे शोधत गेले.