मेडिनिलाच्या रोपाबद्दल आपण केलेल्या तक्रारीस उत्तर

महोदया, सप्रेम नमस्कार.

मार्चमध्ये आमच्या रोपवाटिकेतून १,४०० रुपयांना नेलेल्या मेडिनिला या शोभेच्या फुलझाडाच्या कळ्या पंधरवड्यात गळाल्या, नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, रोप गेले आणि कुंडी दाखवायला आल्यावर ‘नागपुरात असंच होतं’ एवढे ऐकून आपल्याला परतावे लागले, असे आपण लिहिले आहे. हे सारे खरे आहे आणि त्या उत्तराबद्दल मी मनापासून क्षमा मागतो.

आपण ठेवून गेलेली कुंडी मी स्वतः उपडी करून पाहिली. मुळे तपकिरी पडली होती आणि चिमटीत धरताच त्यांची साल निघून आत नुसता दोरा उरत होता. म्हणजे रोप उन्हाने करपण्याआधीच मुळाशी सडले होते. आपण ते घरी काळ्या मातीत लावलेत आणि आमच्या चिठ्ठीप्रमाणे रोज पाणी घातलेत; दोष त्या चिठ्ठीचा आहे. मेडिनिला मॅग्निफिका मूळची फिलिपिन्समधल्या डोंगराळ वर्षावनातली. तिथे ती बहुधा आपल्याकडच्या आमरीसारखी (ऑर्किडसारखी) मोठ्या झाडांच्या बेचक्यांत वाढते, त्यामुळे पाऊस कितीही पडला तरी पाणी वाहून जाते आणि मुळांशी हवा खेळती राहते. काळ्या मातीत हीच मुळे गुदमरतात, ओल असूनही पाने मलूल होतात आणि ती पाहून काळजीने कोणीही आणखी पाणीच घालील.

‘सावलीत ठेवावे’ ही सूचनाही अपुरीच होती. ज्या रोपाला साधारण १८ ते २५ अंशांची दमट हवा मानवते, त्याला आपल्याकडची मे महिन्यातली गॅलरीतली सावली सोसत नाही. कूलर चालणाऱ्या खोलीत, पण झोतापासून दूर, पूर्वेच्या खिडकीशी ते ठेवायला सांगणे आवश्यक होते. कळ्या धरल्यावर कुंडी हलवू नये, हेही आम्ही सांगितले नाही.

हे रोप नागपुरात विकूच नये, हे आपले मत मात्र मला पटत नाही. सालीचे तुकडे, नारळाचे सोडण आणि कोळसा यांत लावलेले आमचे एक रोप चौथ्या वर्षी फुलले. पाकळ्या वाटाव्यात अशी मोठी गुलाबी छदे, म्हणजे फुलांजवळची रंगीत पाने, उघडली आणि त्यांच्याखाली खऱ्या, इवल्या फुलांचे घोस लोंबू लागले, तेव्हा कामावरची सगळी माणसे हातातले काम सोडून बघत उभी राहिली होती.

यापुढे मार्च ते जून आम्ही हे रोप विकणार नाही आणि चिठ्ठी नव्याने छापली आहे. आपले १,४०० रुपये काउंटरवर तयार ठेवले आहेत. त्याऐवजी रोपच हवे असल्यास पाऊस स्थिरावल्यावर, योग्य मिश्रणात लावून, मी स्वतः घरी आणून देईन.