रिकाम्या जागेचा नियम कधी ठरवायचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याचे सिनेटर एडवर्ड केनेडी २००९ मध्ये वारले आणि त्यांच्या जागी पॉल कर्क यांची हंगामी नेमणूक झाली. त्यासाठी तिथल्या विधिमंडळाने कायदा बदलला, त्यावर मी लेखात टीका केली होती.

'केनेडींची जागा निवडणुकीपर्यंत रिकामी राहिली असती तर आरोग्य विम्याचं विधेयक बुडालं असतं, आणि तुम्ही नियमांचा कीस काढत बसलात,' असं तुम्ही लिहिलंत. यातली पहिली गोष्ट मला मान्य आहे. २४ डिसेंबर २००९ ला ते विधेयक अमेरिकी सिनेटमध्ये ६० विरुद्ध ३९ मतांनी मंजूर झालं. चर्चा लांबवून विधेयक रोखण्याची विरोधकांची अडवणूक मोडायलाही ६० मतंच लागत होती. पॉल कर्क तिथे नसते तर गाडी ५९ वर अडली असती.

माझा राग कर्क यांच्या नेमणुकीवर नाही, मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळावर आहे. २००४ पर्यंत तिथे अशी जागा गव्हर्नर नेमणुकीने भरत. त्या वर्षी सिनेटर जॉन केरी राष्ट्राध्यक्षपदाला उभे होते आणि गव्हर्नर होते रिपब्लिकन मिट रॉम्नी. केरी जिंकले तर रॉम्नी आपला माणूस बसवतील, म्हणून डेमोक्रॅट बहुमताने त्यांचा व्हेटो झुगारून तो अधिकारच काढून घेतला. जागा रिकामी झाली की १४५ ते १६० दिवसांत पोटनिवडणूक, असा कायदा झाला.

पाच वर्षांनी गव्हर्नर त्यांच्याच पक्षाचे, डेव्हल पॅट्रिक. केनेडींनी मृत्यूपूर्वी पत्र लिहून हंगामी नेमणुकीची विनंती केली. आरोग्य विमा हे त्यांचं आयुष्यभराचं काम होतं, त्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. पण विधिमंडळाने लगेच कायदा फिरवला: पोटनिवडणूक होईपर्यंत गव्हर्नरने हंगामी सिनेटर नेमायचा. ४० जणांच्या राज्य सिनेटमध्ये, म्हणजे राज्याच्याच विधिमंडळाच्या वरच्या सभागृहात, रिपब्लिकन अवघे पाच, तरी विरोधात १६ मतं पडली. म्हणजे स्वपक्षातल्या अकरा जणांनाही हे पटलं नव्हतं.

गंमत नाही, दुःख याचं आहे की २००९ चा कायदाच जास्त चांगला होता: जागा रिकामी राहत नाही आणि शेवटचा शब्द मतदाराचा. तो २००४ मध्येच करायला हवा होता, जागा कुणाच्या हाती जाणार हे कळण्याआधी.

'आपल्याकडे राज्यसभेची जागा आमदारच भरतात की,' असंही तुम्ही म्हणता. १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीपर्यंत अमेरिकेतही विधिमंडळंच सिनेटर निवडत. आमदारांनी निवडण्याला माझा आक्षेप नाहीच. आपल्याकडे पोटनिवडणुकीची सहा महिन्यांची मुदत लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे, एखादी विधानसभा ती बदलू शकत नाही.

जानेवारी २०१० मध्ये रिपब्लिकन स्कॉट ब्राउन जिंकले ते या फिरवाफिरवीमुळे, असा सूर माझ्या लेखात लागला होता. त्याला आधार नाही. ते वाक्य आज काढलं आहे.