दारात आलेला तो एक कागद

रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्याजवळ माझ्या मामेबहिणीच्या मुलीची दोघांनी छेड काढली. अशांची नावे छायाचित्रांसह अमेरिकेसारखी सर्वांना दिसतील अशा यादीत लावावीत, असे ताईने इंदूरहून फोनवर ठणकावून सांगितले आणि विचारले, "तू तर तिथेच राहतोस, उपयोग होतो की नाही?"

मी राहतो त्या न्यू जर्सीतच १९९४ साली एका सात वर्षांच्या मुलीच्या हत्येनंतर लैंगिक गुन्हेगारांची माहिती लोकांना देणारा 'मेगन्स लॉ' झाला. येथे गुन्हेगाराकडून पुन्हा किती धोका आहे यावरून तीन श्रेणी ठरतात आणि सर्वाधिक धोक्याच्या माणसाबद्दलच पोलीस शेजाऱ्यांच्या दारी जातात. आमच्या दारी असा कागद इतक्या वर्षांत एकदाच आला. त्यातला चेहरा, भुवईवरच्या व्रणासकट, मला अजून आठवतो, कारण तो एकच होता. महिन्याला दहा आले असते, तर पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर तेही रद्दीत गेले असते. देशभरातल्या नोंदी साडेसात लाखांच्या वर आहेत आणि काही राज्यांत उघड्यावर लघवी केल्याचे प्रकरणही अश्लील वर्तन ठरून माणसाला यादीत नेऊ शकते.

भारतातही २० सप्टेंबर २०१८ पासून लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद आहे, आणि तीत बलात्काराबरोबर छेडछाडीत दोषी ठरलेलेही येतात. मात्र ती फक्त पोलिसांना पाहता येते. माझ्या मते हे योग्यच आहे.

"म्हणजे हा गुन्हा तुला किरकोळ वाटतो? पोरीने क्लास सोडलाय," ताई म्हणाली. किरकोळ तो नाहीच. न्याय संहितेच्या कलम ७९ मध्ये अशा शब्दांना आणि हावभावांना तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि ती शिक्षा खरोखर व्हावी हा तिचा आग्रह मला पूर्ण मान्य आहे. माझी अडचण उघड यादीपुरती आहे. मला आलेला कागद अनोळखी माणसाचा होता. इंदूरच्या रामबागेत तो कुणाच्या तरी ओळखीच्या मुलाचा असेल, आणि नाव वर्षानुवर्षे सर्वांसमोर राहणार म्हटल्यावर त्याची आई हळदीकुंकवाच्या ओळखीने येऊन बसेल, बहिणीचे लग्न ठरत असल्याचे सांगेल आणि तक्रारच मागे घ्यायला लावेल, असे मी ताईला समजावले.

"यादी नसतानाच," ताई म्हणाली, "ती परवा येऊन गेली."