टेकडी गुलाबी झाली म्हणून आनंद कसला?

फेब्रुवारी आला की पुण्याच्या टेकड्यांवरच्या गुलाबी फुलांचे फोटो सुरू होतात. ‘आमचं चेरी ब्लॉसम!’ मंडळी, ते गिरिपुष्प आहे, म्हणजे ग्लिरिसिडिया. मूळ मेक्सिको-मध्य अमेरिकेतलं. भाताच्या खाचरात त्याच्या पाल्याचं हिरवळीचं खत उत्तम होतं, शेताच्या बांधावर ते हवंच. वेताळ टेकडीवर मात्र मला ते खुपतं.

फांदी खोचली तरी फुटतं, मुरमाड जमिनीत तगतं, गुरं फारशी तोंड लावत नाहीत. ‘उजाड’ टेकडी हिरवी करायला याहून सोयीचं झाड कुठलं? पण टेकडी उजाड नव्हतीच हो! कुसळी गवताचा माळ होता तो. त्यात विखुरलेले सालई, मोई, हिवर, मेडशिंगी, सोनसावर, आणि पावसाळ्यात जमिनीतून वर येणारी कंदांची फुलं. कुसळीला डोक्यावर ऊन लागतं. दाट सावली पडली की ती आधी जाते, आणि तिच्या आडोशाने जमिनीवर घरटं करणारे चंडोलही जातात. लावलेल्या झाडांच्या आकड्यात हे वजा कोण करतं?

वनस्पती-समुदायांचे अभ्यासक मीटरभर लांब-रुंद चौकट जमिनीवर मांडून आतली प्रत्येक प्रजाती मोजतात. कंबर मोडणारं काम! एक चौकट माळावर मांडा, एक गिरिपुष्पाखाली. फरक दिसायला पदवी लागत नाही. विविधता जास्त तिथे उपऱ्यांना शिरकाव अवघड, असं ब्रिटिश परिसंस्था-अभ्यासक चार्ल्स एल्टन यांनी १९५८ मध्ये मांडलं. छोट्या चौकटीत ते बऱ्यापैकी खरं ठरलं. मोठ्या प्रदेशात मात्र स्थानिक प्रजाती भरपूर तिथे परक्याही भरपूर, असंच अनेकदा दिसलं. म्हणून ‘आपली जंगलं समृद्ध आहेत, त्यांना काय होतंय’ हे मला पटत नाही. भारतातल्या वाघांच्या जंगलांपैकी सुमारे ४० टक्के भागात घाणेरी (लँटाना) हे परकं झुडूप पसरल्याचा २०२० चा अंदाज आहे.

मग जेसीबी लावायचा? मुळीच नाही. उकरलेल्या जमिनीवर आधी गाजर गवत येईल, मागून रानमोडी, दोन्ही परकी तणं. थोडं थोडं काढा, बुंध्याचे कोंब दर पावसाळ्यात खुडा, त्याच टेकडीवरच्या गवताचं बी पसरा आणि वर्षानुवर्षं मागे लागा. यात फीत कापायला काही नाही, त्यामुळे निधीही नाही.

पाच जूनला, पर्यावरण दिनी, रोपं घेऊन येणाऱ्या कंपन्यांना माझं एवढंच म्हणणं: यंदा खड्डे नकोत, कोंब खुडायला या. टी-शर्ट छापा हवं तर.