दोरीवरची लूट

लिस्बनमधल्या आमच्या जुन्या इमारतीत कपडे खिडकीबाहेर, कप्पीवरच्या दोरीला वाळत घालतात. चिमटा निसटला की कपडा थेट खालच्या आजींच्या दोरीवर. परवा लेकाचा शर्ट परत देताना त्या हसत म्हणाल्या, "तुमची रोपा! मी चोरली नाही हं."

'रोपा' म्हणजे कपडे. हा रोजचा पोर्तुगीज शब्द लॅटिनमधला नव्हे, गॉथ नावाच्या जुन्या जर्मानिक (जर्मन-इंग्रजीच्या कुळातली भाषा बोलणाऱ्या) टोळ्यांचा; आणि मूळ अर्थ, लूट! लढाईत पडलेल्याच्या अंगावरून आधी ओरबाडायचे ते कपडेच ना. चोरणे या अर्थाचं 'रोबार' त्याच कुळातलं. इंग्रजांचा 'रॉब', जर्मनांचा 'राउब' आणि फ्रेंच बायकांचा झगा 'रोब' ही सगळी भावंडं. संस्कृतातला 'लुप्' (तोडणे, हिरावणे) धातूही अभ्यासक याच घराण्यात बसवतात, म्हणजे आपला 'लोप' लांबचा चुलता.

त्याच संध्याकाळी घरच्या ग्रुपवर काकांची यादी आली: चावी, पगार, बादली, घमेलं हे पोर्तुगीज शब्द हद्दपार करा. 2025 मध्ये पहिलीपासूनच्या हिंदीवरून रान पेटलं, तेव्हापासून अशा याद्यांना ऊत आलाय. त्या सक्तीला माझाही विरोध होता. शासन निर्णय मागे घेतला तेव्हा बरं वाटलं. पण सक्ती आणि उसनवारी एकाच तागडीत कशी घालायची? आणि काका, यादीत हापूस कसा नाही? त्याचं नाव गोवा जिंकणाऱ्या अफोन्सु द आल्बुकर्कवरून आलं म्हणतात, आणि 'अफोन्सु' हेही मूळचं जर्मानिक नाव. वसईतले फर्नांडिस, रॉड्रिग्ज तसेच.

सुएबी या दुसऱ्या जर्मानिक टोळ्या इबेरियात, म्हणजे आजच्या स्पेन-पोर्तुगालमध्ये, शिरल्या 409 मध्ये. 585 मध्ये व्हिसिगॉथांनी, म्हणजे गॉथांच्याच एका शाखेने, त्यांचं राज्य गिळलं आणि 711 मध्ये मुस्लिम फौजांपुढे व्हिसिगॉथांचं राज्यही कोसळलं. तीनशे वर्षं तलवार यांच्या हाती, पण बोलायला लागले रयतेची लॅटिन. मागे उरले ते 'रोपा'सारखे मूठभर शब्द आणि माणसांची नावं. उसने शब्द मोजून कोणती भाषा हरली ते कळत असतं, तर इथे गॉथच जिंकले म्हणावं लागेल.

लेक विचारतो, "आई, माझी रोपा वाळली का गं?" मी दुरुस्त करत नाही. वाक्य मराठी आहे, 'गं'सकट. गेल्या रविवारी मात्र तो साताऱ्याच्या आजीला शाळेतलं भांडण सांगायला लागला, दोनदा अडखळला, आणि फोन माझ्या हातात कोंबून म्हणाला, "दीश तू." तू सांग. तिकडून आजी विचारत होती, "काय म्हणाला गं तो?"